‘हार्ट अटॅक’ने गेलेली मुले

आमच्या मोहल्ल्यांत बावीस-पंचवीस वर्षांची मुले हार्ट अटॅकने मरतात. फजरनंतर मशिदीच्या भोंग्यावरून एलान होतो की अमक्याच्या मुलाचा इंतकाल झाला, जोहरनंतर जनाजा आहे. लोक जमतात. कुणी हळूच विचारतो, ‘‘काय झालं?’’ मुलाचा मामा नाहीतर चाचा जमिनीकडे बघत सांगतो, ‘‘अटॅक आला.’’ विचारणाऱ्याला खरे ठाऊक असते. त्याला ते ठाऊक आहे, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असते. तरी दोघे मान हलवतात आणि ‘‘अल्लाह की मर्जी’’ म्हणून पुढे सरकतात. दफन उरकले की कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर खरी चर्चा सुरू होते. कोणती गोळी घ्यायचा, कुणाकडून घ्यायचा, घरातले काय काय विकले, बाप कसा डोळेझाक करीत होता, आईने कसे लाडावून ठेवले होते. मुलाच्या बापाला फाटकाच्या आत काही ऐकू जाऊ नये एवढी तमीज लोक पाळतात. फाटकाबाहेर ती पाळण्याची कुणाला गरज वाटत नाही.

‘हार्ट अटॅक’ हे खोटे आहे, पण ते त्या आई-बापांचे खोटे नाही. ते त्यांच्या तोंडून वदवून घेतलेले खोटे आहे, आणि ते वदवून घेणारा समाज म्हणजे त्यांचे नातेवाईक, त्यांची जमात, त्यांची मशीद कमिटी आणि त्यांच्या गल्लीतले शेजारी. मुलाला नशेने नेले हे तर आहेच. परंतु मूल गेल्यावर त्याच्यासाठी मोकळेपणाने रडण्याचा जो हक्क दुनियेतल्या प्रत्येक आई-बापाला आहे, तो या आई-बापांकडून समाजाने काढून घेतला आहे. या लेखात आम्ही त्या हक्काची मागणी करीत आहोत. कुणाला हा आततायीपणा वाटला तरी आमची हरकत नाही.

हे संकट आजचे नाही, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. इराणमध्ये १९७९ साली क्रांती झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या, आणि त्या भागातून निघणाऱ्या हेरॉइनच्या जुन्या वाटा विस्कटल्या. त्यातली एक वाट हिंदुस्थानातून जाऊ लागली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत ब्राऊन शुगर आली आणि मराठीने तिला ‘गर्द’ हे नाव दिले. मुंबईच्या बोलीत ‘गर्दुल्ला’ हा शब्द तेव्हापासून रुळला. १९८१ साली वांद्र्याच्या चर्चमध्ये फादर जो परेरा यांनी ‘कृपा’चे काम सुरू केले. डॉ. अनिल अवचट यांनी गर्दवर लिहून मराठी वाचकाची झोप उडवली आणि १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांच्याबरोबर पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे केले. १९८५ साली देशात अमली पदार्थविरोधी कायदा आला. म्हणजे चार दशके उलटून गेली आहेत. या चार दशकांत एका फादरला आणि एका डॉक्टर दांपत्याला जे सुचले, ते आमच्या किती जमातींना सुचले? शादीखाने झाले, मशिदींचे मिनार उंच झाले, संगमरवर आला, वातानुकूलन यंत्रे आली. ज्या मशिदीत ती यंत्रे आली, तिच्या मागच्या गल्लीत अंधारात बसलेली पोरे मात्र तिथेच राहिली.

या चाळीस वर्षांत नशेने रूप बदलले. गर्दला चांदीचा कागद, काडी, धूर आणि आडोसा लागत असे. आता एवढा सरंजाम लागत नाही. कोडीन असलेली खोकल्याची बाटली लागते. मालेगावात ज्या गोळीला ‘कुत्ता गोली’ म्हणतात, ती बहुतेक वेळा अल्प्राझोलम असते. हे चिंता आणि झोपेच्या विकारावरचे औषध आहे आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते देता येत नाही. कुठे हीच किंवा तिची बहीण असलेली गोळी ‘बटन’ म्हणून विकली जाते. लहान पोरे रुमालावर सोल्युशन ओतून हुंगतात. आणि ज्यांच्या खिशात थोडे पैसे आहेत, त्यांच्यासाठी एमडी, म्हणजे मेफेड्रोन आहे. हे मेफेड्रोन अमली पदार्थांच्या कायद्याखाली यायला २०१५चा फेब्रुवारी उजाडावा लागला. तोपर्यंत कित्येक घरांत ते शिरून बसले होते.

यंत्रमागावर बारा-बारा तासांची पाळी करणारा पोरगा रात्री जागे राहण्यासाठी एक घेतो आणि सकाळी झोप यावी म्हणून दुसरे घेतो. कॉलेजात जाणारा मित्रांच्या टोळीत आपण बायकी ठरू नये म्हणून घेतो. कुणाचे लग्न मोडलेले असते, कुणाची नोकरी सुटलेली असते, कुणी वेळ जात नाही म्हणून घेतो. गरिबाचे पोर घेते तसे खाडीतून पैसे पाठवणाऱ्या बापाचेही पोर घेते. म्हणून ‘ही झोपडपट्टीतली बला आहे’ असे म्हणून जे फ्लॅटचे दार लावून बसले आहेत, त्यांनी फार निश्चिंत राहू नये.

आता मृत्यू कसा येतो, ते सांगणे भाग आहे. कारण ते ठाऊक नसल्यामुळेही मुले मरतात. गर्द किंवा कोडीन हे अफूच्या जातीचे पदार्थ मेंदूतल्या श्वासाच्या केंद्राला मंद करतात. अल्प्राझोलमसारख्या गोळ्या आणि दारू त्याला आणखी गुंगी आणतात. दोन्ही एकत्र झाले की श्वास हळू होतो, उथळ होतो आणि एका क्षणी थांबतो. मरण्याआधी मुलगा घोरतो. हे घोरणे घशात पाणी अडकल्यासारखे, गुरगुरल्यासारखे असते. ओठ आणि नखे निळी पडू लागतात. घरच्यांना वाटते, पोरगा गाढ झोपला. चार रात्री येरझाऱ्या घालणारा, भिंतीवर डोके आपटणारा, आईच्या अंगावर धावून जाणारा पोरगा शेवटी शांत झोपला म्हणून आई अंगावर चादर घालते आणि धाकट्यांना दटावते, ‘‘सोने दो उसको.’’ सकाळी ती उठवायला जाते. त्या आईला पुढे आयुष्यभर त्या घोरण्याचा आवाज येत राहतो. तिच्या समोर बसून सबर करण्याचे फायदे सांगणाऱ्या बायाबापड्यांना याची कल्पना तरी असते काय?

दुसरी गोष्ट तर याहून क्रूर आहे. महिना-दोन महिने उपचार घेऊन किंवा तुरुंगात राहून मुलगा परत येतो. शरीराला नशेची सवय राहिलेली नसते, परंतु डोक्यात जुने माप पक्के असते. एखाद्या संध्याकाळी पाय घसरतो, तो जुनेच माप घेतो आणि सुधारलेल्या शरीराला ते सोसत नाही. म्हणजे घराने जेव्हा शुकराना अदा केलेला असतो, आईने मन्नत फेडलेली असते, बापाने कुणाच्या हातापाया पडून कामाचे जमवलेले असते, नेमके तेव्हा मूल जाते. ‘सुधारणारच नव्हता’ असे म्हणणाऱ्यांना कुणीतरी सांगितले पाहिजे की तो सुधारला होता. त्याच्यावरचे सर्वांत धोक्याचे दिवस तेच होते, आणि हे त्याच्या घरच्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

आता त्या दुःखाविषयी. कर्करोगाने किंवा अपघाताने मूल गेले तर आई-बापांचा शोक मृत्यूच्या दिवशी सुरू होतो. या आई-बापांचा शोक त्याआधी पाच-सात वर्षे सुरू झालेला असतो. पहिल्यांदा गल्ल्यातले पैसे जातात, मग मोबाइल, मग आईच्या बांगड्या, मग बहिणीच्या जहेजसाठी ठेवलेली भांडी. बाप पोराला मारतो, मग त्याच रात्री त्याच्या पायाला हळद लावतो. पोलीस चौकीत तो हात जोडतो, सोनाराकडे जाऊन आपलीच वस्तू परत विकत घेतो. पोरगा रात्री आला नाही तर तो रुळांच्या कडेने शोधत फिरतो आणि आला तर खोलीला बाहेरून कडी लावतो. ‘या अल्लाह, याला बरे कर’ ही दुआ कधीतरी ‘या अल्लाह, याला नाहीतर मला उचल’ अशी होऊन जाते. आणि मग खरोखरच मूल जाते. त्या दिवशी घरात अनेक वर्षांनी शांतता असते. कपाटाची किल्ली उशीखाली ठेवावी लागत नाही. त्या शांततेत आईला गाढ झोप लागते, आणि जाग आल्यावर आपल्याला झोप लागली या गोष्टीचीच तिला भयंकर शरम वाटते. हे ती कुणाला सांगणार? आमच्याकडे बहुतेक गावांत बायका कब्रस्तानात जात नाहीत. तिला कबरीजवळ बसून मुलाशी चार शब्द बोलण्याचीही सोय नाही. तीजा होतो, चाळिसावा होतो, देगा उतरतात, पाहुणे पांगतात. मुलाचे नाव घरात निघेनासे होते, कारण नाव निघाले की कारण निघते.

अशा आई-बापांवर आमच्या समाजाचे तीन आरोप आहेत. तिन्ही आम्हाला मान्य नाहीत.

पहिला आरोप तर्बियतचा. ‘मां-बाप ने ध्यान नहीं दिया.’ हे वाक्य इतक्या सहजतेने उच्चारले जाते की जणू बोलणाऱ्याची मुले त्याच्या तर्बियतच्या जोरावरच वाचली आहेत. अशांना आम्ही हजरत नूह (अ.) यांची आठवण देऊ इच्छितो. कुरआनात सूरह हूदमध्ये तो सारा प्रसंग आहे. शतकानुशतके लोकांना हाक देणारा पैगंबर नावेतून आपल्या पोटच्या मुलाला हाक मारतो, आणि मुलगा ऐकत नाही. डोंगर आपल्याला वाचवील असे त्याला वाटते. लाट येते आणि बापाच्या डोळ्यांदेखत मुलगा जातो. या प्रसंगावरून चौदाशे वर्षांत कुणा मुफस्सिरने हजरत नूह यांची तर्बियत कमी पडली असे लिहिले आहे काय? पैगंबराला जे साधले नाही ते मुंब्र्याच्या रिक्षावाल्याला आणि भिवंडीच्या मागवाल्याला साधलेच पाहिजे, असा हुकूम तुम्ही कुठून आणला? कुणी म्हणेल की त्या मुलाला अल्लाहने नूहच्या कुटुंबातून वगळले. होय, पण तो इन्कार करणारा होता, आजारी नव्हता. नशेत सापडलेला आमचा पोरगा रमजानात रोजा धरण्याची धडपड करतो आणि दुपारी अंग थरथरू लागले की लपून पाणी पितो आणि रडतो. त्याची तुलना इन्कार करणाऱ्याशी करायची असेल तर करणाऱ्याने आपला ईमान एकदा तपासून घ्यावा.

हजरत याकूब (अ.) यांचेही उदाहरण समोर आहे. मुलाच्या वियोगाने रडून रडून त्यांची दृष्टी गेली. घरातलेच लोक त्यांना म्हणू लागले की किती दिवस त्याची आठवण काढत बसणार? म्हणजे शोक करणाऱ्या बापाला गप्प बसवणारे लोक तेव्हाही होते. परंतु कुरआनाने बाजू घेतली ती बापाची. आमचे पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांचा तान्हा मुलगा इब्राहीम मांडीवर गेला तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. जवळच्या सहाबींना नवल वाटले, तेव्हा हे अश्रू म्हणजे रहमत आहे असे पैगंबरांनी त्यांना समजावले. मग आमच्या समाजात सबर म्हणजे तोंड दाबून धरणे, हा अर्थ कुठून शिरला? सबराचा उपदेश दुःखी माणसाच्या धीरासाठी आहे. ऐकणाऱ्याची अडचण टळावी म्हणून तो वापरणे हा दीनचा गैरवापर आहे.

दुसरा आरोप हरामचा. ‘हराम खाके मरा, उसका जनाजा क्या और दुआ क्या.’ नशा हराम आहे, यात आमच्या मनात तिळमात्र शंका नाही आणि कुणी तसा आव आणू नये. वाद त्याबद्दल नाहीच. कोकणातले शाफई असोत की घाटावरचे हनफी, गुनाहगार मुसलमानाच्या जनाजाची नमाज जमातीवर फर्ज-ए-किफाया आहे, याविषयी दोघांत मतभेद नाहीत. आत्महत्या केलेल्याचा जनाजा पैगंबरांनी स्वतः पढवला नाही, हा दाखला काही जण पुढे करतात. पण एक तर अतिसेवनाने मेलेल्या मुलाने आत्महत्या केलेली नसते. आणि दुसरे म्हणजे, त्या प्रसंगीही पैगंबरांनी इतरांना नमाजपासून रोखले नव्हते. तेव्हा इमामसाहेबांनी अशा वेळी तब्येत बिघडल्याचे निमित्त काढून मुअज्जिनला पुढे करू नये. बाप पहिल्या सफमध्ये उभा असतो आणि त्याला सारे कळते.

बुखारीच्या संग्रहात एक प्रसंग आहे. तो आमच्या जलशांतून फारसा ऐकू येत नाही. मदिन्यात अब्दुल्लाह नावाचा एक माणूस होता. तो पैगंबरांना हसवीत असे, आणि दारू पिण्याच्या गुन्ह्यात वारंवार पकडून आणला जात असे. त्याला शिक्षाही होत असे. एकदा शिक्षेनंतर कुणीतरी त्याच्यावर लानत केली. पैगंबरांनी त्या बोलणाऱ्याला थांबवले आणि हा माणूस अल्लाहवर आणि त्याच्या रसूलवर प्रेम करतो, अशी ग्वाही दिली. पुन्हा पुन्हा घसरणाऱ्या माणसाला आम्ही आज शास्त्राच्या भाषेत व्यसनाचा रोगी म्हणतो. पैगंबरांनी त्याचा गुन्हा माफ केला नाही, पण त्याला बिरादरीबाहेरही काढू दिले नाही. आणि दारूबंदीचा हुकूम तरी कसा आला? बकरा, निसा आणि माइदा या सूरहांतून टप्प्याटप्प्याने. माणसाची सवय एका दिवसात सुटत नाही हे त्याच्या निर्मात्याला ठाऊक होते. ते आमच्या मौलानांना ठाऊक नसावे याचे आश्चर्य वाटते.

तिसरा आरोप दुसऱ्यांवर आहे, म्हणून तो आम्हाला फार आवडतो. ‘हमारे नौजवानों को बरबाद करने की साजिश है.’ यात काही अंशी खरे आहे. मेफेड्रोन आमच्या मोहल्ल्यात तयार होत नाही. २०२३च्या ऑक्टोबरात नाशिकजवळच्या शिंदे गावात त्याचा कारखाना सापडला आणि २०२४च्या फेब्रुवारीत पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत शेकडो किलोंचा साठा सापडला. अल्प्राझोलम, कोडीन आणि ट्रॅमाडॉल ही औषधे २०१४च्या मार्चपासून ‘एच-१’ अनुसूचीत आहेत. ती देताना दुकानदाराने डॉक्टरचे आणि रुग्णाचे नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपायची असते. ज्या गावात ‘कुत्ता गोली’ पानटपरीवर मिळते, तिथल्या वह्या कुणी तपासल्या, हा प्रश्न सरकारला विचारलाच पाहिजे. सच्चर समितीने २००६ साली मांडलेले शिक्षणाचे आणि नोकरीचे चित्र किती बदलले, हेही विचारले पाहिजे. आमच्या वस्तीचे नाव आले की ‘नशेचा अड्डा’ असा मथळा देणाऱ्या वाहिन्यांनाही जाब विचारला पाहिजे.

परंतु साजिश म्हटले की आमचे काम संपत नाही. कारखाना दूर असेल, पण शेवटची पुडी हातात ठेवणारा हात आमच्या गल्लीतला आहे. त्याला सारे ओळखतात. दोन वर्षांपूर्वी त्याच्याकडे सायकल नव्हती आणि आज त्याच्या दारात मोठी गाडी आहे. जलशाच्या पावतीपुस्तकात त्याच्या नावावर सर्वांत मोठी रक्कम असते. रमजानात तो इफ्तार देतो आणि कमिटीचे सदर त्याच्या शेजारी बसून खजूर फोडतात. त्याच्या घरी मुलगी द्यायला लोक रांग लावतात. आणि ज्या घरातला मुलगा त्याच्या पुडीने गेला, त्या घरच्या मुलीचा ठरलेला रिश्ता मोडतो. आम्ही विचारतो, यातला बदनाम कोण व्हायला हवा होता? विकणाऱ्याचे खजूर हलाल आणि मरणाऱ्याची मय्यत जड, हा कोणता इन्साफ आहे?

या लपवाछपवीचा हिशेब एकदा मांडून पाहू. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सच्या व्यसनोपचार केंद्राने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. अफूच्या जातीच्या पदार्थांमुळे मदतीची गरज पडावी अशा अवस्थेतले सुमारे ७७ लाख लोक देशात आहेत, असा तिचा अंदाज. आणि राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात २०२२ साली साऱ्या देशात अमली पदार्थांच्या अतिसेवनाने झालेले मृत्यू आहेत ६८१. नुसत्या आकड्यांकडे पाहून कुणालाही कळेल की हिशेब जुळत नाही. बाकीचे कुठे गेले? ते ‘हार्ट अटॅक’मध्ये गेले, ‘झोपेतच गेला’मध्ये गेले, ‘कावीळ होती’मध्ये गेले. मय्यतीची चिरफाड नको, बेहुर्मती नको, पोलीस नकोत म्हणून ओळखीच्या डॉक्टरकडून दाखला आणला जातो. हे काही एकट्या मुसलमानांत घडत नाही, सगळ्याच समाजांत घडते. पण आम्ही आमच्यापुरते बोलत आहोत. एका मुलाचे खरे कारण दडले की दुसऱ्या मुलाच्या आईला ते घोरणे ओळखता येत नाही. नोंद झाली नाही की सरकारी कागदावर संकट उरत नाही, आणि संकट नाही म्हटल्यावर दवाखाना कशाला मिळेल?

जिवंत असलेल्यांसाठी काय आहे, तेही लोकांना कुणी सांगत नाही. पोलिसांच्या भीतीने घरचे लोक पोराला लपवतात. वास्तविक १९८५च्या त्याच कायद्यात ६४-अ हे कलम आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाण बाळगल्याच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य संस्थेत उपचार घेऊ लागला आणि त्याने ते पूर्ण केले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. अफूच्या जातीच्या पदार्थाने श्वास मंदावला असेल आणि मुलाला वेळेत रुग्णालयात नेले, तर नॅलॉक्सोन नावाचे औषध काही मिनिटांत त्याचा असर उतरवते. गर्द घेणाऱ्यांसाठी ब्युप्रेनॉर्फिनचा उपचार सरकारी केंद्रांतून विनामूल्य मिळतो. ‘एक नशा सोडवून दुसरी लावतात’ असे म्हणून मोहल्ल्यातले शहाणे आई-बापांना त्यापासून परावृत्त करतात. मधुमेह्याला इन्सुलिन घेताना मात्र ते असे म्हणत नाहीत. १४४४६ हा सरकारी मदतीचा दूरध्वनी आहे. तो किती मशिदींच्या फलकावर लिहिलेला आहे?

माहिती नसली की आई-बाप मिळेल त्या दारी जातात. कुणी मुलाला ताबीज बांधतो, कुणी दर्ग्यात साखळीने बांधून ठेवतो. तामिळनाडूतल्या एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली आणि साखळदंडात अडकलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. त्यांनाही त्यांच्या घरच्यांनी बरे होण्याच्या आशेनेच तिथे सोडले होते. आज शहराशहरांत नशामुक्तीच्या नावाने खोल्या भाड्याने घेऊन पोरांना पट्ट्याने मारणारी केंद्रे निघाली आहेत. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा व्यसनाच्या रोग्यालाही लागू आहे. केंद्राची नोंदणी हवी, साखळीने बांधणे गुन्हा आहे, मारहाण गुन्हा आहे. महिन्याचे पंधरा-वीस हजार मोजण्याआधी नोंदणीचा कागद मागण्याचा अधिकार बापाला आहे, हे त्याला कोण सांगणार?

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत आणि त्यांना फार पैसा लागत नाही. मशीद कमिट्यांनी विकणाऱ्याचा चंदा घेणे बंद करावे, आणि का घेत नाही ते त्याच्या तोंडावर सांगावे. वर्षातून चार जुम्म्यांना खुतब्याआधीच्या बयानात डॉक्टरांना बोलवावे. इमामांनी अशा मुलाच्या जनाजाला स्वतः पुढे उभे राहावे. औषधांच्या दुकानातल्या वह्यांची तपासणी व्हावी म्हणून जमातीने अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि पुन्हा पुन्हा जाऊन विचारावे. जकातीच्या रकमेतून गरीब घरच्या पोराच्या उपचाराचा खर्च उचलावा, कारण फकीर-मिस्कीन हे जकातीचे पहिले हकदार आहेत आणि कर्जाने वाकलेल्या बापाचाही तीत हिस्सा आहे.

आणि सर्वांत आधी, त्या घरी जावे. तीजा-चाळिसावा झाल्यावर जावे, कारण त्याच वेळी तिथे कुणी नसते. मुलाचे नाव घ्यावे. तो लहानपणी कसा होता, पतंग कसा उडवायचा, ईदेला कोणत्या रंगाच्या कुर्त्यासाठी हटून बसायचा, हे विचारावे. ज्या आईने पाच वर्षे नुसते ‘चरसी की मां’ हे नाव ऐकले आहे, तिला तिच्या मुलाचे खरे नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकू द्यावे. ती रडली तर तिला रडू द्यावे. ती रागावली, मुलाला शिव्या देऊ लागली, तरी ऐकून घ्यावे. सल्ला देऊ नये. शेजारच्या गल्लीत असेच मूल गमावलेली दुसरी आई असते. या दोघींची गाठ घालून द्यावी. त्या दोघी एकमेकींशी जे बोलतील ते आमच्या कुठल्याही बयानापेक्षा मोलाचे असेल, आणि त्यातूनच तिसऱ्या आईला तिचे मूल वाचवण्याची वाट सापडेल.

एवढे जर आमच्या जमातींना जमणार नसेल, तर त्यांनी निदान त्या आई-बापांच्या घरी सबराचा उपदेश करायला जाऊ नये.